कळ्या मोजणारे काका

गणेशोत्सव हा माझा सर्वांत लाडका सण आहे, असे मी दरवर्षी मोठ्या उत्साहाने सांगते. परंतु २०२५ मध्ये २७ ऑगस्टच्या दुपारी भर पंगतीत माझ्या मोदकाला 'कचोरी' म्हटले गेले आणि तेव्हापासून हा उत्साह जरा मंदावला आहे.

म्हणणारे गृहस्थ म्हणजे सासऱ्यांचे आतेभाऊ. वर्षभर त्यांचा फोनही येत नाही, पण चतुर्थीला नैवेद्य दाखवून होताच ते पाटावर हजर असतात. त्यांनी मोदक उचलला, चष्मा कपाळावर सरकवला, खिडकीच्या उजेडाकडे धरून मोदक सावकाश फिरवला आणि ते त्याच्या कळ्या मोजू लागले. पंगतीतले घास थांबले.

"नऊ. आमच्या आईच्या मोदकाला एकवीस असायच्या. ही कचोरी कोणी वळली?"

सासूबाईंनी वरणाच्या भांड्यात पाहिले.

"मी, काका."

"उकड गार झाल्यावर मळलीस का?"

"नाही, गरमच मळली."

"मग पिठी आंबेमोहोराची नसेल."

"आंबेमोहोराचीच आहे."

"मग हात," असे निदान करून त्यांनी मोदकाचे नाक मोडले, आत तुपाची धार धरली आणि तो संपवला. नंतर, बहुधा खातरजमा करण्यासाठी, आणखी पाच खाल्ले.

नारळ खोवण्यापासून सारणात जायफळ किसण्यापर्यंत आणि वाफाळती उकड तेलपाण्याचा हात लावून, चटके सोसत मळण्यापर्यंत सारे काही पहाटेपासून आम्ही बायकांनी करायचे, त्या वेळी पुरुषमंडळींनी मखराच्या दिव्यांची एकच माळ चारजणांत मिळून लावायची आणि परीक्षक मात्र उकडीला कधी बोटही न लावलेल्याने व्हायचे, ही वाटणी बाप्पाला मान्य असेल असे मला वाटत नाही. तरीही उरलेल्या उकडीत मिरची आणि जिरे घालून केलेल्या निवगऱ्या पंगती उठल्यावर ओट्याशी उभ्यानेच खाताना जावा-नणंदांची जी हसाहस होते, तिच्यासाठी मी हा सण सोडणार नाही. शिवाय निवगऱ्यांना कळ्या नसतात.

निघताना काकांनी मोदकांचा डबा मागून घेतला आणि दारातूनच मला धीर दिला, "पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे गणपती थेट १४ सप्टेंबरला येतात. तुला हात बसवायला अडीच आठवडे जास्त मिळतील."