मासं कवा आणणार?

दोन फुटी टाकी, साधारण ५६ लिटर पाणी, त्यात दहा निऑन टेट्रा आणि सहा कोरी कॅटफिश. एवढं भरलेलं गोकुळ समोर असताना शेजारचे अण्णा महिन्यापूर्वी काचेपाशी वाकून म्हणाले, "झाडं झकास लावलाईसा. मासं कवा आणणार?"

"सोळा आहेत आत."

"कुठं?"

"लपलेत."

पोरगं पास झालंय पण मार्कलिस्ट हरवलीय, असं सांगणाऱ्या बापाकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग स्कूटरची किल्ली काढून काचेवर टकटक. "ये, ये भाईर. कोण न्हाई, मीच हाय."

माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी पार्श्वरेषा असते. पाण्यातली बारीकशी थरथरसुद्धा तिला कळते. काचेवर किल्ली वाजणं म्हणजे आपण जेवायला बसल्यावर डोक्यावरच्या पत्र्यावर नारळ पडणं. हे मी सांगेपर्यंत अण्णांचं निदान पूर्ण झालं होतं.

"रंकाळ्यावर पाव टाका, अंगावर येत्यात. तुमच्या माशास्नी वळण न्हाई. दोन दिस उपाशी ठेवा. लाईट वाढवा. आणि ती करवंटी काढा आधी! घर दिल्यावर कोण भाईर येतंय? आमचा थोरला बघा. खोलीला कडी बसवून दिली, आता जेवायलाच तोंड दावतोय."

थोरल्याचा मुद्दा बिनतोड होता, पण माशांचं गणित नेमकं उलटं आहे. पळायला जागा जवळ आहे अशी खात्री असली, तरच भित्रा मासा मोकळ्यावर येतो. करवंट्या काढल्या तर तो फिल्टरच्या मागं जाऊन बसणार. म्हणून मी आडोसे वाढवले. करवंटीतलं खोबरं पार खरवडायचं, दोन बोटं जातील एवढं दार कापून कडा घासायच्या आणि पाण्याला रंग सुटायचा कमी होईपर्यंत ती पाणी बदलून उकळायची. शेजारी बिनरंगाचं मातीचं मडकं आडवं. मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून काळा कार्डशीट. चारी बाजूंनी उघड्या टाकीत राहणं म्हणजे बिंदू चौकात अंघोळ करणं.

लाईट तर कमीच हवा, दिवसाला सहा ते आठ तास. अंधारात एकदम बटण दाबायचं नाही. आधी खोलीतला दिवा, दहा मिनिटांनी टाकीचा. वर तरंगती वनस्पती निम्म्या पृष्ठभागावर, साल्व्हिनिया पुरते. एकानं मला पंचगंगेतलं केंदाळ फुकट आणून देतो म्हणून सांगितलं. नको बाबा! त्याच्याबरोबर गोगलगाई आणि काय काय येणार, आणि ते वाढलं की टाकी कुठली नि केंदाळ कुठलं.

खरा राग मला येतो तो विक्रीच्या पद्धतीचा. निऑन मागितला की "किती जोड्या?" असा प्रश्न. हा थव्यानं राहणारा मासा. सहाच्या खाली तो घाबरून राहतो, दहा असले तर बरं. कोल्हापुरात फुटबॉलची मॅच बघायला कोणी जोडीनं जातं का? पेठच्या पेठ जाते. पण गिऱ्हाईक एक जोडी घेतं, ती कोपऱ्यात झुरते, मरते, मग दुसरी जोडी. धंदा चालू.

थवा असूनही मासे बुजत असतील तर सहा झेब्रा दानिओ सोडावेत. ते वरच्या थरात बिनधास्त हुंदडतात, ते बघून खालच्यांना समजतं की धोका नाही. झाकण मात्र घट्ट हवं, दानिओ उडी मारतो. आणि या सगळ्याच्या आधी पाणी तपासायचं. अमोनिया आणि नायट्राइट, म्हणजे माशांच्या घाणीतून तयार होणारी विषं, शून्य हवेत, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढलेलं हवं, आठवड्याला पाव भाग पाणी बदललेलं हवं. पर मिटलेले आणि कल्ले भराभर हलत असतील तर तो लाजाळूपणा नव्हे, आजार.

शेवटी देशी बदामाची गळून वाळलेली दोन पानं धुऊन टाकली. पाणी फिक्या चहासारखं झालं. निऑनचे रानातले भाऊबंद अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात अशाच पाण्यात राहतात. तिसऱ्या आठवड्यात दहाही निऑन पुढच्या काचेशी आले, कोरी वाळू उकरायला लागले. काल संध्याकाळी मी स्वतःहून अण्णांना बोलावलं.

ते वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"पाणी लई घाण केलाईसा ओ," ते म्हणाले. "म्हणून भाईर आल्यात बिचारी. जीव गुदमरला असणार."

रात्री अकरा वाजता मी अंधारात टाकीसमोर उकिडवा बसलो होतो. ऑक्सिजन कमी पडला तर मासे वर येऊन तोंड उघडतात. एकही वर नव्हता. तरी एअरपंप लावलाच.