लांडग्याचे कूळ आणि काळी खिडकी

पुण्याजवळच्या माळरानांवर लांडगा आणि गावातला कुत्रा यांचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा 2023 मध्ये शोधनिबंधातून प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून कुठेही जरा पिवळट रंगाचा लांडगा दिसला, की त्याचे छायाचित्र आमच्या प्रयोगशाळेत येऊन पडते. पाठोपाठ प्रश्न येतो, ‘हा अस्सल आहे का हो?’ नुसते बघून सांगणे अवघड असते. कुत्रा लांडग्यापासूनच झाला, दोघांचीही गुणसूत्रे 78, आणि त्यांच्या पिल्लांनाही पुढे पिल्ले होतात. म्हणून विष्ठेतून डीएनए काढायचा आणि तो एका प्रोग्रॅमला दाखवायचा. भर दुपारी माळावर विष्ठा गोळा करत हिंडणे हा या कामातला कष्टाचा भाग आहे, असे जे लोक समजतात, त्यांनी तो प्रोग्रॅम बसवून पाहिलेला नसतो.

त्याचे नाव न्यूहायब्रिड्स. एरिक अँडरसन आणि एलिझाबेथ थॉम्पसन यांनी त्यामागची पद्धत 2002 मध्ये मांडली आणि ती फार सुरेख आहे, हे आधीच सांगून टाकते. प्रत्येक प्राण्याला तो सहा वर्गांपुढे उभा करतो: शुद्ध लांडगा, शुद्ध कुत्रा, पहिल्या पिढीचा संकर, दुसऱ्या पिढीचा संकर, आणि संकरातून जन्मलेल्याने पुन्हा लांडग्याशी किंवा पुन्हा कुत्र्याशी सोयरीक केल्यास होणारे दोन प्रकारचे बॅकक्रॉस. हा प्राणी यांपैकी कोणत्या वर्गात असण्याची शक्यता किती, एवढे तो आकड्यात सांगतो. मात्र त्यासाठी आधी त्याला बोलते करावे लागते, आणि ते ज्या काळ्या खिडकीत (टर्मिनलमध्ये) आज्ञा टाइप करून करायचे असते, तिथे माउसला कोणी विचारत नाही.

माझ्या लॅपटॉपवर विंडोज. त्याच्या पोटात लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली बसवायची, त्यात कंपायलर आणायचा आणि मग प्रोग्रॅमचा सी भाषेत लिहिलेला मजकूर यंत्राला कळेल असा करून घ्यायचा. काहीही आणायचे म्हटले, की ‘सुडो’ लिहून पासवर्ड द्यावा लागतो. तो टाइप करताना पडद्यावर अक्षर तर नाहीच, साधा ठिपकाही उमटत नाही. कीबोर्ड बिघडला असावा असे समजून माणूस दोनदा लिहितो आणि मग पासवर्ड चुकल्याचे कळते. कंपायलर चालू झाल्यावर सूचनांच्या ओळी धबाधब कोसळल्या, थांबल्या, आणि काळी खिडकी गप्प बसली. आमच्या प्रयोगशाळेत संगणकाचे काम पाहणारा एक मुलगा आहे, त्याने मान वाकडी करून पाहिले आणि म्हणाला, “काही आलं नाही ना, ताई? मग झालं की!” इथे यश मुके असते आणि अपयशाला मात्र पानभर बोलायचे असते.

आता प्रोग्रॅम फोल्डरमध्ये दिसत होता. ‘एलएस’ म्हटले की यादीत त्याचे नाव येई, आणि तेच नाव अक्षर न चुकता लिहिले की उत्तर येई, ‘कमांड नॉट फाउंड’. समोर आहे, पण सापडत नाही! लिनक्स आज्ञा शोधतो ती ठरवून दिलेल्या फोल्डरांमध्येच. आपण ज्यात बसलो आहोत तिथे तो सुरक्षेसाठी पाहत नाही. म्हणून नावाआधी एक टिंब आणि एक तिरकी रेघ द्यायची. त्या टिंबासाठी माझी एक अख्खी संध्याकाळ खर्ची पडली आहे.

पुढे माहितीची फाइल. विष्ठेतला डीएनए उन्हाने झिजलेला असतो, त्यामुळे लांडगा-कुत्रा ओळखायच्या काही जनुकीय खुणा वाचताच येत नाहीत आणि एक्सेलमध्ये तिथे रिकामी चौकट राहते. आपल्याला ती रिकामी दिसते, प्रोग्रॅमला ती दिसतच नाही. न मिळालेल्या माहितीच्या जागी शून्य लिहिलेले नसेल, तर पंगतीतला एक जण उठल्यावर सगळ्यांनी एकेक पाट सरकावे तसे पुढचे आकडे सरकतात, आणि पुढच्या लांडग्याचा अनुक्रमांक मागच्या लांडग्याचे जनुक होऊन बसतो. त्यातून जे प्राणी तयार होतात, ते सहा वर्गांत काय, सृष्टीतही मावणार नाहीत.

शिवाय एकदा चालवून भागत नाही. हा प्रोग्रॅम यादृच्छिक आकडे घेत फेऱ्या मारत उत्तराकडे जातो; त्या आकड्यांना सुरुवात म्हणून दोन छोटे पूर्णांक द्यायचे, सुरुवातीच्या फेऱ्या टाकून द्यायच्या, मग हजारो फेऱ्यांची सरासरी घ्यायची, आणि वेगळे पूर्णांक देऊन तेच उत्तर येते का हे पुन्हा पाहायचे. हे आपोआप व्हावे म्हणून विंडोजच्या नोटपॅडमध्ये चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली, तर लिनक्स म्हणाला, ‘बॅड इंटरप्रिटर’. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य खुणा ठेवते, लिनक्सला एकच चालते. म्हणजे ज्या प्रोग्रॅमला जगातला संकर शोधायचा आहे, तो चालवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मात्र दोन घराण्यांची सरमिसळ अजिबात खपत नाही. ‘डॉसटूयुनिक्स’ नावाची आज्ञा देऊन तिचे शुद्धीकरण केले, तेव्हा कुठे गाडे हलले.

निकाल आला. पिवळट लांडगा दुसऱ्या पिढीचा संकर असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक. उरलेली जवळजवळ सगळी लांडग्याकडच्या बॅकक्रॉसकडे. सरांनी विचारले, “म्हणजे कोणता?” मी म्हटले, “सर, पहिल्या पिढीचा संकर थोड्या खुणांवरही ओळखता येतो. बॅकक्रॉस वेगळा काढायचा तर खुणा बऱ्याच जास्त लागतील.” सर म्हणाले, “मग आणा.” म्हणजे पुन्हा माळ, पुन्हा विष्ठा.

निःसंदिग्ध उत्तर मिळाले ते एकाचेच. पडताळणीसाठी वसतिगृहातल्या मोत्याच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून घेतला होता आणि तो कोण आहे हे प्रोग्रॅमला सांगितले नव्हते. शुद्ध कुत्रा, 0.99 हून अधिक. मी तो आकडा वॉचमनकाकांना दाखवला, कारण मोत्याची आई रानातली होती असे ते सर्वांना सांगत असतात. त्यांनी पडद्याकडे पाहिले, मग मोत्याकडे पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, तुमच्या मशीनमध्ये काहीतरी बिघाड आहे. पुन्हा एकदा चालवून बघा की.” इतर कोणी असे म्हटले असते, तर मी भांडले असते. काकांना मी दोन छोटे पूर्णांक सुचवायला सांगितले.