वापरलेल्या तेलाचे वारसदार

भुसावळात भर उन्हाळ्यात मोटारसायकलचे इंजिन ऑइल घरी बदलायचे ठरवणाऱ्याने आधी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. अंगणातली सावली किती वाजेपर्यंत टिकते ही पहिली, आणि शेजारचे आप्पा घरी आहेत की नाहीत ही दुसरी. सावलीचा हिशोब सोपा आहे. मे महिन्यात ती दहाच्या सुमारास काढता पाय घेते आणि मग फरशीवर टेकलेला गुडघा आपोआपच वर येतो. आप्पांचा हिशोब मात्र अवघड आहे. आप्पा येथल्या विद्युत इंजिनांच्या लोकोशेडमधून फिटर म्हणून निवृत्त झाले आहेत, आणि शंभर टनांहून जड इंजिनांखाली ज्याची उमर गेली त्याला, शंभर सीसीच्या गाडीखाली कोणी पाना घेऊन शिरलेला दिसल्यावर घरात बसवत नाही.

मुळात हे काम घरी करण्याची वेळ यावी असे त्यात काही नाही. पण अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास लगीनसराई आणि पाहुण्यांची ये-जा एकदमच सुरू होते, सगळ्या खान्देशाला आपापल्या गाड्या त्याच आठवड्यात आठवतात आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक पंधरा मिनिटांच्या कामासाठी "गाडी सोडून जा, सांजच्याला या" असे सांगतो. संध्याकाळी गेल्यावर गाडी सकाळी जिथे लावली तिथेच, त्याच कोनात उभी असते आणि तेल मात्र बदललेले असते, असे तो म्हणतो. आपण दिलेल्या बाटलीतलेच तेल आपल्याच गाडीत गेले यावर श्रद्धा ठेवावी लागते, आणि माझी श्रद्धा सणावारापुरतीच पुरते. म्हणून मी १०डब्ल्यू-३० प्रतीच्या तेलाची ९०० मिलीची बाटली, जुने तेल काढायच्या ड्रेन बोल्टचा नवा वायसर आणि सतरा नंबरचा पाना घेऊन सकाळीच अंगणात उतरलो.

घमेले गाडीखाली सरकवण्याच्या आत आप्पा आले. त्यांच्या मागोमाग अमळनेरकडून सणासाठी आलेले जिभाऊ आले, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेला भाचा आला आणि समोरच्या काकू कुरडया वाळत घालायचे सोडून गच्चीच्या कठड्याशी आल्या. पहिला वाद इंजिन गरम करण्यावरून झाला. तेल काढण्याआधी इंजिन दोन-तीन मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे तेल पातळ होते आणि तळाशी बसलेला गाळ सोबत घेऊन बाहेर पडते, हे शास्त्र आप्पांनी सांगितले आणि ते बरोबरच आहे. पण जिभाऊंनी पेट्रोलच्या टाकीवर हात ठेवला, चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि विचारले, "इतलं तपेल शे, आखो कसाले पेट्रोल जाळस?" पारा चव्वेचाळिशीला टेकण्याच्या दिवसांत हा मुद्दा खोडून काढणे कोणत्याही तंत्रज्ञाला जड गेले असते. शेवटी इंजिन चालू केले, पण ते आप्पांच्या निवृत्तिवेतनाचा मान राखण्यासाठी.

खरा कस बोल्टने पाहिला. ड्रेन बोल्ट इंजिनाच्या पोटाशी, खालच्या बाजूला असतो. गाडीखाली मान वाकडी करून पाहणाऱ्याला तो डावीकडे फिरवायचा असतो, आणि तेच फिरवणे वर उभ्या असलेल्या मंडळींना उजवीकडचे दिसते. त्यामुळे मी पाना लावताच वरून "मामा, घट्ट करताय" असा आवाज आला, जिभाऊंनी त्याला दुजोरा दिला आणि काकूंनी गच्चीवरून दोघांनाही पाठिंबा दिला. आप्पांनी मग बोल्टाच्या डोक्याकडे तोंड करून उभे राहणाऱ्या माणसाचे डावे म्हणजे काय, यावर एक छोटेखानी व्याख्यान दिले. त्यात जमिनीवर काडीने काढलेली आकृतीही होती. ते चालू असताना मी पाना धरून गाडीखालीच होतो आणि माझ्या कानात एक मुंगी शिरण्याच्या बेतात होती.

दिशा ठरली तरी बोल्ट हलला नाही. मागच्या खेपेला ज्या कोण्या मेकॅनिकने तो आवळला होता, त्याने पान्याला लोखंडी पाईप लावून सगळे अंग त्यावर टाकले होते हे उघड होते. अशा आवळण्याची खरे तर काहीच गरज नसते. बोल्ट पोलादी असतो आणि तो ज्यात बसतो ते इंजिनाचे अंग ॲल्युमिनियमचे. जास्त ताकद लावली की आधी ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि मग तेल थेंबाथेंबाने अंगणभर रांगोळी काढत राहते. गळती थांबवण्याचे काम वायसरचे असते, मनगटाचे नव्हे. पण आपल्याकडे जोर लावणे हेच कौशल्य समजले जाते, आणि हलक्या हाताने आवळणाऱ्या कारागिराला गिऱ्हाईक पैसे देताना कुरकुरते. तेव्हा दोष एकट्या मेकॅनिकचा नाही.

आप्पांनी घरातून हातभर लांबीचा पोकळ पाईप आणला, तो पान्याच्या दांड्यावर चढवला आणि "हिसका नको, दाबत राहा" एवढेच म्हणाले. मी दाबत राहिलो. कट्ट असा आवाज झाला. बोल्टचा असा आवाज आणि आटे तुटल्याचा आवाज यांत फरक असतो म्हणतात. तो कळेपर्यंतचा क्षण फार मोठा असतो. बोल्ट निघाला होता.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. बोल्टचा शेवटचा आटा सुटताच तेल सरळ खाली पडत नाही. सुरुवातीला पोटात भार असल्यामुळे धार तिरकी, वीतभर पुढे जाते, मग जोर ओसरला की ती मागे मागे येत सरळ होते, आणि अखेरीला बारीक तार उरली की भुसावळचा गरम वारा तिला वाटेल तिकडे नेतो. म्हणजे घमेले आधी पुढे, मग मागे आणि शेवटी वाऱ्याच्या मर्जीने हलवावे लागते. हे काम भाच्याकडे दिले होते. त्याने ते चोख केले आणि तेवढ्या वेळात कॉलेजात द्रवगतिकी कशी नीट शिकवत नाहीत हेही सांगितले.

घमेल्यात पडलेले तेल काळेकुट्ट होते. ते पाहून काकूंनी "अगं बाई, किती खराब" म्हणून हळहळ व्यक्त केली. आप्पांनी दोन थेंब बोटावर घेऊन अंगठ्याने चोळले, वास घेतला आणि तेल काळे पडणे हे बिघाडाचे नव्हे, त्याने काजळी आपल्या अंगावर घेतल्याचे लक्षण आहे, असा निर्वाळा दिला. दुधाळ दिसले असते तर आत पाणी शिरले म्हणून घाबरायचे होते. त्या तेलाला जवळून पेट्रोलचा किंचित वास होता आणि उन्हात ते कडेला निळसर चमकत होते.

नवे तेल ओतण्याआधी भाच्याने त्याच्या वडिलांच्या मोटारीचे उरलेले भारी तेल आणून टाकण्याची सूचना केली. ती नामंजूर करावी लागली. मोटारसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच या सगळ्यांना एकाच तेलात नांदावे लागते. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात; ती क्लचच्या प्लेटांना लागली की गाडी नुसती ओरडते आणि पुढे मात्र सरकत नाही. म्हणून बाटलीवर 'जासो एमए' ही मोटारसायकलीच्या तेलाची खूण लिहिलेली पाहून घ्यावी. नरसाळे म्हणून सौभाग्यवतींनी पाण्याची जुनी बाटली कापून तिचा वरचा भाग दिला, आणि स्वयंपाकघरातल्या नरसाळ्याकडे पाहायचे सुद्धा नाही हे डोळ्यांनीच सांगितले. तेल ओतले, इंजिन थोडा वेळ चालवून बंद केले, जरा थांबून पातळी पाहिली. आमच्या गाडीत पातळीची काडी आट्यांत न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. यावरही वाद झाला, पण सावली सरली होती म्हणून तो लवकर मिटला.

काम संपले असे मला वाटले, ते तेवढ्यापुरतेच. आतापर्यंत फुकट सल्ला देणारी मंडळी घमेल्याभोवती सरकू लागली, आणि नव्या तेलाकडे कोणीही ढुंकून पाहिले नव्हते त्या गल्लीत जळक्या तेलाला वारस फुटू लागले. आप्पांना फाटकाच्या बिजागऱ्यांसाठी वाटीभर हवे होते. काकूंच्या मागच्या दाराच्या चौकटीला उधई लागली होती. पलीकडच्या गल्लीतला सेंट्रिंगवाला नुसत्या वासावर आला असावा. स्लॅबच्या प्लेटांना लावायला त्याला सगळेच हवे होते. जिभाऊ म्हणाले, "फेकू नको बरं, माले लागस. गाडाले वंगन लागस." त्यांच्या बैलगाडीला रबरी टायर लागून बरीच वर्षे झाली आहेत आणि गेल्या साली बैलही विकले, ही आठवण भाच्याने करून दिली, तेव्हा त्यांनी मागणी म्हशीच्या गोचिडांवर नेली. ती मी साफ नाकारली, कारण असले तेल कातडीवाटे अंगात उतरते आणि म्हैस अंग चाटते. कुणीतरी घराभोवती धार सोडली की साप येत नाहीत असेही सांगितले.

वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांत येते आणि ते गटारीत वा मातीत न ओतता नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेसाठी गेले पाहिजे, असे मी बोलून पाहिले. त्यावर सर्वांनी आदराने मान हलवली आणि काकूंनी वाटी पुढे केली. मी रिकामी बाटली खिळ्याने भोसकली, कारण धड बाटली भंगारात गेली की ती भलतेच तेल भरून परत दुकानात येऊ शकते. पण काकूंचा त्या बाटलीवर वालाच्या बियांसाठी डोळा होता. वाटी तशीच रिकामी घेऊन त्या घरात गेल्या. आप्पा आता सेंट्रिंगवाल्याला लोकोशेडमधली पिंपे कशी भरायची ते सांगत होते.

त्या गोंधळात घमेले डब्यात ओतून, डबा हँडलला लटकवून मी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेलो, कारण जळके तेल गोळा करणाऱ्याचे पिंप त्याच्याकडे असते. त्याने डबा पिंपात रिता केला आणि घरी बदलले म्हणताच कौतुकाने माझ्याकडे पाहिले. मग गाडीखाली वाकून, "बोल्ट नीट बसला का बघू दे भाऊ, पैसे नको" असे म्हणत, मी नको म्हणेपर्यंत त्याने पान्याला पाईप लावला आणि सगळे अंग त्यावर टाकले.