आधी मुलाचं म्हणणं कळू द्या

ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान झालं की घरात दोन शोध एकदमच सुरू होतात. दोष कुणाचा, आणि औषध कुठलं. दोन्हींपायी पैसा जातो, झोप उडते, नवराबायकोत खटके उडतात, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय ते मूल कोपऱ्यात खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवत बसलेलं असतं. माझा मुलगा आज १४ वर्षांचा आहे. एवढ्या वर्षांत डॉक्टर, थेरपिस्ट, शाळा आणि आमच्यासारखी कितीतरी घरं जवळून पाहिली. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय: मुलाला आपलं म्हणणं कुठल्याही मार्गाने सांगता आलं पाहिजे आणि घरच्यांना ते कळलं पाहिजे. बाकी सगळ्या थेरप्या, औषधं, शाळा यांचा नंबर त्यानंतर.

दोषाचं आधी बोलतो, कारण तो हमखास आईच्या माथी मारला जातो. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने १९४३ साली ११ मुलांची सविस्तर वर्णनं प्रसिद्ध केली. ही मुलं जन्मापासूनच अशी असावीत असं त्याने लिहिलं खरं, पण त्यांच्या आईवडिलांमध्ये मायेचा ओलावा कमी दिसतो असंही नोंदवलं. पुढची कितीतरी वर्षं लोकांनी हे मायेचं तेवढं उचललं. ब्रूनो बेटलहाइम या अमेरिकेतल्या लेखकाने तर आईच्या अलिप्तपणामुळे मूल आत मिटून जातं, असं ठासून मांडलं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, ज्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, हा सिद्धांत खोडून काढला. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांचा अभ्यास केला आणि ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचं दाखवून दिलं. आता कुणी आईला थंड म्हणत नाही. आता म्हणतात, मोबाईल हातात दिला, एकटं वाढवलं, आई नोकरीला गेली. लहान मुलाच्या हातात मोबाईल कमीच असावा, हे कुठल्याही घरात खरं. पण ऑटिझममध्ये मेंदूची घडणच वेगळी होत जाते, ती बहुतांशी जन्माच्या आधीपासून, आणि त्यात अनेक जनुकांचा हात असतो. आईच्या नोकरीचा यात काडीचाही संबंध नाही.

लसीचंही तसंच. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरने अवघ्या १२ मुलांवरच्या लेखातून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीबद्दल संशय पेरला. 'लॅन्सेट' या नियतकालिकाने तो लेख २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्डचा डॉक्टरकीचा परवानाही रद्द झाला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांवर अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले: ही लस घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. तरीही धाकट्या भावंडाची लस टाळणारे पालक मला आजही भेटतात. ऑटिझम त्याने टळत नाही, गोवराला मात्र दार उघडं राहतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझा मुलगा चार-पाच वर्षांचा असताना त्याला तहान लागली की तो माझ्यासमोर येऊन म्हणायचा, "तुला पाणी हवंय?" अगदी आमच्याच सुरात, शेवटी प्रश्नाचा हेल काढून. पाहुण्यांना वाटायचं, किती गुणी मुलगा, पाणी विचारतोय! त्याला पाणी प्यायचं असायचं. आम्ही त्याला पाणी देताना हेच वाक्य म्हणायचो, म्हणून त्याच्या लेखी पाणी मिळण्याचं वाक्य हेच होतं. ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणणं याला पूर्वी निरर्थक बडबड समजून थांबवायला सांगायचे. आमच्या स्पीच थेरपिस्टने उलटं केलं. हे वाक्य तो नेमकं केव्हा म्हणतो, ते लिहून ठेवायला सांगितलं. दोन आठवड्यांत आमच्याकडे त्याचा छोटासा शब्दकोश तयार झाला. "गाडी सुटली" म्हणजे भीती वाटतेय. "बास, झालं" म्हणजे आवाज सहन होत नाही. मग आम्ही त्याला पाणी देताना त्याच्या बाजूने बोलायला लागलो, "मला पाणी हवंय". हळूहळू तेच त्याच्या तोंडी बसलं.

मिक्सर सुरू झाला की तो आईला चावायचा. घरातले म्हणायचे, हट्टी आहे, एकदा फटका द्या. थेरपिस्टने एका कार्डावर उघड्या पंजाचं चित्र काढलं, "थांबा" म्हणून. नियम एकच होता: त्याने कार्ड दाखवलं की मिक्सर त्या क्षणी बंद, मग आतलं वाटण अर्धवट का राहीना. सुरुवातीला तो सारखं सारखं कार्ड दाखवायचा. आम्ही दर वेळी बंद करायचो. कार्ड दाखवलं की खरंच थांबतं, ही खात्री पटल्यावर चावणं जवळपास गेलं. पुढे तो स्वतःच कानावर हेडफोन चढवायला लागला. फटके देऊन यातलं काय साधलं असतं?

बऱ्याच पालकांना भीती असते की कार्ड किंवा टॅबलेटवरचं बोलणारं ॲप दिलं तर मूल बोलायचा कंटाळा करेल. आजवरच्या अभ्यासांत असं आढळलेलं नाही. बोलणं त्याने अडत नाही, काही मुलांत थोडं वाढतंच. फक्त एक काळजी घ्या. मोठ्या माणसाने मुलाचा हात धरून अक्षरांवर फिरवायचा आणि मूल लिहितंय असं म्हणायचं, अशीही एक पद्धत आहे. नीट चाचण्या घेतल्या तेव्हा त्यातले शब्द हात धरणाऱ्याचे निघाले. तिच्यापासून लांब राहा.

लहान मुलांच्या पालकांसाठी थोडं निदानाबद्दल. वर्षाचं मूल नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही, दीड वर्षाचं होऊनही बोटाने काही दाखवत नाही, आलेले शब्द पुन्हा गेले, तर "मुलगा आहे, उशिरा बोलेल" म्हणून वाट पाहू नका. आधी कान तपासा. मग विकासाची जाण असलेल्या बालरोगतज्ज्ञाकडे जा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी २० प्रश्नांची एम-चॅट नावाची प्रश्नावली आहे. तिच्यातून शंका पक्की होते, निदान होत नाही. निदान अनुभवी माणसाने मुलाला पाहून, पालकांशी बोलून करायचं असतं. त्यासाठी रक्ताची तपासणी किंवा मेंदूचा स्कॅन नसतो. आणि मुली बऱ्याचदा यातून निसटतात, कारण त्या इतरांची नक्कल करून वेळ निभावून नेतात. थकवा घरी आल्यावर बाहेर पडतो. निदानाची तारीख लांबची मिळाली तरी बोलण्याची मदत त्याआधीच सुरू करता येते.

थेरपी कुठली, यावर पालकांच्या ग्रुपमध्ये हमरीतुमरी होते. वर्तनावर काम करणाऱ्या एबीए (अप्लाइड बिहेविअर ॲनालिसिस) या थेरपीचा बोलबाला १९८७ च्या, इव्हार लोवास या मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासाने झाला. आठवड्याला ४० तास शिकवणी, आणि त्यात शिक्षासुद्धा होती. आज ती पद्धत खूप बदललीय, चांगली माणसंही आहेत. तरी त्यातून गेलेले ऑटिस्टिक प्रौढ जे सांगतात ते कान देऊन ऐकावं. हात फडफडवले म्हणून थांबवलं, डोळ्यांत बघायची सक्ती केली, आणि आतला ताण कुणी विचारलाच नाही. म्हणून मी कुठल्याही थेरपिस्टला पहिल्यांदा हेच विचारतो, की तुम्ही नेमकं काय शिकवणार? "मला नको", "दुखतंय", "मदत कर" हे शिकवणार असाल तर जरूर या. मूल इतरांसारखं दिसावं एवढंच ध्येय असेल तर आमचा रामराम. आणि मला आत बसून बघू देत नसतील, तर पुढची चर्चाच नको.

मला सगळ्यात पटलेलं काम आहे ब्रिटनमधलं 'पॅक्ट'. दोन ते चार वर्षांची १५२ मुलं त्यात होती. थेरपिस्ट मुलाला घेऊन बसण्यापेक्षा आईवडिलांसोबत बसून त्यांच्याच खेळाचा व्हिडिओ बघायचा. हे बघा, इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं, इथे तुम्ही घाईने बोललात, इथे थांबला असतात तर तो बोलला असता. २०१० मध्ये निकाल आले तेव्हा पालक-मुलातला संवाद सुधारलेला होता, लक्षणांत मात्र ठळक फरक नव्हता. त्याच मुलांना जवळपास सहा वर्षांनी पुन्हा पाहिलं, तर लक्षणांची तीव्रताही कमी झालेली दिसली. २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तज्ज्ञ दुर्मीळ असतील तिथेही पालकांना घरच्या घरी असं शिकता यावं म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनेही पालकांसाठी प्रशिक्षण तयार केलंय. थेरपी सेंटरमधला पाऊण तास महत्त्वाचा आहेच, पण उरलेला दिवस घरी असतो.

औषधांबद्दल स्पष्ट बोलतो. ऑटिझम घालवणारं औषध नाही. रिस्पेरिडोन आणि ॲरिपिप्रॅझोल या दोन औषधांना अमेरिकेत २००६ आणि २००९ मध्ये परवानगी मिळाली ती तीव्र चिडचिड आणि आक्रमकतेसाठी. काही घरांना त्यांनी खरोखर सावरलंय. वजन वाढणं, सुस्ती यांवर डॉक्टरांची नजर हवी. झोप, फिट्स, अतिचंचलता यांवर वेगळे उपचार असतात. आणि मूल अचानक डोकं आपटायला लागलं, तर वागणुकीचं औषध वाढवण्याआधी दात, कान, पोट बघा. न बोलणाऱ्या मुलाचा बद्धकोष्ठही असा बाहेर पडतो.

"बरा करून देतो" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. शरीरातले जड धातू काढतो म्हणून दिलेल्या किलेशनच्या सलाईनमुळे २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा दगावला. मुलांना ब्लीचसारखं रसायन पाजणारे निघाले. ऑक्सिजनचे चेंबर, स्टेम सेलची इंजेक्शनं अजून विकली जातात, आणि ऑटिझमसाठी त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. हमी देणारा, पुराव्याच्या जागी पालकांचे व्हिडिओ दाखवणारा, सगळे पैसे आधी मागणारा, चालू उपचार बंद करा म्हणणारा माणूस भेटला तर उठून या. त्या पैशात वर्षभराची स्पीच थेरपी होते.

शेवटी नातेवाइकांसाठी. "काही लागलं तर सांगा" असं सगळे प्रेमाने म्हणतात, पण थकलेल्या आईला काय मागावं हेही सुचत नाही. माझ्या बहिणीने कधी तसं म्हटलंच नाही. ती आली, आमच्या मुलाची कार्डं समजून घेतली, "गाडी सुटली" म्हणजे काय ते लिहून घेतलं, आमच्या देखत काही वेळा त्याच्यासोबत बसली. मग म्हणाली, दर शनिवारी संध्याकाळी आत्या आणि तो, तुम्ही बाहेर जा. तो आता शनिवार उजाडला की स्वतः टॅबलेटवर "आत्या" दाबतो. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर वार आणि वेळ ठरवून जा, आणि पोचल्यावर आधी त्या मुलाचे शब्द विचारून घ्या.