राज्यसभा 'बिनकामाची' म्हणणाऱ्यांना

"राज्यसभा बंद करा. निवडणुकीत पडलेल्यांची ती सोय आहे. लोकांनी तिला निवडलेलं नाही. लोकसभेचं ती काहीच अडवू शकत नाही. वर चांगले कायदे रखडवते." हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शेवटची दोन वाक्यं एकमेकांना खोडतात, तरी तो पुढे धाडणारे थांबत नाहीत. म्हणून एकेक दावा घेते.

आधी 'काहीच अडवू शकत नाही' हा. साधं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावं लागतं. राज्यसभेने ते फेटाळलं किंवा सहा महिन्यांहून जास्त काळ तसंच ठेवलं, तर कलम 108 खाली राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. तिथे 543 विरुद्ध 245 असं बळ असतं, पारडं लोकसभेचंच जड. मात्र या वाटेने आजवर तीनच विधेयकं मंजूर झाली: 1961 मध्ये हुंडाबंदीचं, 1978 मध्ये बँक सेवा आयोग रद्द करणारं आणि 2002 मध्ये पोटा हा दहशतवादविरोधी कायदा. 2015 मध्ये काही प्रकल्पांसाठी शेतकऱ्याच्या संमतीची अट काढणारी भूसंपादन कायद्यातली दुरुस्ती लोकसभेने मंजूर केली होती. राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हतं. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं आणि तीनदा काढलेला अध्यादेश अखेर 31 ऑगस्टला संपू द्यावा लागला. ती अट वाचली ती अशी.

घटनादुरुस्तीला तर संयुक्त बैठकीची सोयच नाही. प्रत्येक सभागृहात स्वतंत्रपणे एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. सप्टेंबर 1970 मध्ये माजी संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे बंद करणारी दुरुस्ती लोकसभेत पार पडली. राज्यसभेत बाजूने 149, विरोधात 75. दोन तृतीयांशाला 150 हवी होती. एका मताने विधेयक पडलं! तनखे शेवटी 1971 च्या निवडणुकीनंतर नव्या घटनादुरुस्तीने गेले. तनखे जायलाच हवे होते असं माझंही मत आहे. पण इथे प्रश्न अधिकाराचा आहे, आणि तो अधिकार किती खरा आहे हे त्या एका मताने दाखवून दिलं.

'चांगले कायदे रखडवते' यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. 1989 मध्ये पंचायतराज आणि नगरपालिकांच्या घटनादुरुस्त्या राज्यसभेत पडल्या. केंद्र राज्यांना डावलून थेट गावाशी व्यवहार करू पाहतंय, हा विरोधकांचा आक्षेप होता. 1992 मध्ये 73 वी आणि 74 वी दुरुस्ती आली तेव्हा राज्यांना बराच वाव ठेवलेला होता. मधली तीन वर्षं गेली, हे खरं. आता उलटं उदाहरण पाहा. महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेने 9 मार्च 2010 रोजी मंजूर केलं. लोकसभेने ते मतदानाला घेतलंच नाही, सभागृह विसर्जित झाल्यावर ते बाद झालं आणि कायदा व्हायला 2023 उजाडलं. तेव्हा रखडवलं कोणी?

'लोकांनी निवडलेलं नाही' हा दावा लवकर संपतो. 245 पैकी 12 सदस्य नियुक्त, बाकीचे आमदारांनी किंवा संबंधित केंद्रशासित प्रदेशातल्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी निवडलेले. महाराष्ट्राचे 19. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त होतात, त्यामुळे एकाच लाटेत सगळं सभागृह पालटत नाही.

आणि 'पडलेल्यांची सोय'? डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईतून हरले. मग 1952 मध्ये ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले आणि 1956 मध्ये निधन होईपर्यंत सदस्य होते. त्यांनाही 'सोय' म्हणायचं का? पक्ष या जागांचा गैरवापर करतात, याबद्दल मात्र माझीही तक्रार आहे. उमेदवार त्याच राज्यातला मतदार असावा ही अट 2003 मध्ये काढली गेली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. राज्यांचं सभागृह राज्यांपासून तुटलं ते इथे. रागवायचं तर या बदलावर रागवा.

खरी चिंता आणखी एका जागी आहे. धन विधेयकावर, म्हणजे कर, सरकारी खर्च अशा विषयांच्या विधेयकावर, राज्यसभेला फक्त शिफारशी करता येतात, त्याही 14 दिवसांत. आणि विधेयक धन विधेयक आहे की नाही हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात. 2016 मध्ये आधारचं विधेयक याच शिक्क्याने आलं. राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेने त्या त्याच दिवशी फेटाळल्या. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते धन विधेयक म्हणून मान्य केलं; न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी एकट्याने विरोधी निकाल लिहिला. कलम 110 मध्ये विषयांची यादी आहे आणि 'केवळ' त्याच विषयांपुरतं असलेलं विधेयक धन विधेयक ठरतं. त्या 'केवळ'चा अर्थ किती ताणायचा, हा प्रश्न 2019 मध्ये न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपवला. राज्यसभा नको म्हणणाऱ्यांनी तो शब्द एकदा वाचावा, कारण सभागृह बंद न करताही तिचा आवाज बंद करण्याची वाट तिथूनच जाते.