गच्चीवर तळे राखण्यापूर्वी

‘घर गार ठेवायला गच्चीच्या ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगावर पैसे उधळू नका, गच्चीला विटांची पाळ घाला आणि उन्हाळाभर चार इंच पाणी साठवा,’ असा सल्ला देणारा संदेश पुण्यातल्या सोसायट्यांच्या गटांतून फिरतो आहे. एरवी मी त्याकडे दुर्लक्षच केले असते. परंतु कर्वेनगरला राहणाऱ्या माझ्या मावशीने तो वाचून गवंड्याकडून पाळ बांधूनही घेतली.

पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते आणि त्यामुळे स्लॅब गार राहतो, हे खरे आहे. मात्र संदेश लिहिणाऱ्याने पाण्याचे वजन केलेले दिसत नाही. चार इंच पाणी दर चौरस मीटरला १०० किलो भरते. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ते नऊ टनांच्या वर जाते. इमारतींवरच्या भारांचे नियम सांगणाऱ्या भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी चल भार (माणसे, सामान यांसारखे बदलते वजन) चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो, धरला आहे. त्यातला दोन-तृतीयांश हिस्सा हे पाणी रात्रंदिवस अडवून बसणार, आणि तेही सळया गंजून गिलावा सुटलेल्या, चाळीस वर्षांच्या स्लॅबवर! शिवाय दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडाले, तर रोज ९३० लिटरची भर घालावी लागेल, तीही खडकवासल्याच्या साठ्याकडे सारे शहर डोळे लावून बसते त्या महिन्यांत. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो, हे वेगळे सांगायला नको.

‘पांढरी गच्ची ऊन शेजाऱ्यावर फेकते’ हा दुसरा दावा. परतलेले बहुतेक ऊन आकाशाकडे जाते. शेजारची इमारत उंच असेल तर तिच्या खिडक्यांत चमक जाते, एवढे मान्य. काळपट गच्ची मात्र तेच ऊन पिऊन भोवतालची हवा तापवते आणि रात्री खालच्या खोलीत उष्णता सोडत राहते.

रंग धुळीने आणि शेवाळाने मळतो, हेही नाइलाजाने कबूल करतो. उन्हाळ्यापूर्वी गच्ची धुवावी लागते. लाभ मुख्यतः वरच्या मजल्यालाच होतो, त्यामुळे खर्चाच्या वाटणीवरून सभेत वाद होणारच. पण ‘हा रंग कंपन्यांचा धंदा आहे’ म्हणणाऱ्यांनी तेलंगणा सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेले थंड छपरांचे पाच वर्षांचे धोरण पाहावे; आणि साध्या चुन्याला तर कंपनीही लागत नाही.

मावशीची पाळ रविवारी फोडली. आता आधी भेगा भरायच्या, वॉटरप्रूफिंग तपासायचे आणि मगच चुन्याचे दोन हात द्यायचे, कारण चुन्याने गळती थांबत नाही.