जर्मन ‘टोन’: मातीचा वेगळा, सुराचा वेगळा

जर्मनमध्ये चिकणमातीला ‘टोन’ म्हणतात आणि सुरालाही ‘टोन’च. त्यावरून एक दावा हौसेने पुढे पाठवला जातो: जुने जर्मन कुंभार मडकं टिचकी मारून पारखायचे, म्हणून मातीला नादाचं नाव पडलं, आणि शब्द मुळात आपल्या ‘तान’वरून तिकडे गेला. गोष्ट गोड आहे, पण खरी नाही.

आधी ‘एकच शब्द’ हे बघू. गळ्यातली माळ आणि गावाबाहेरचा माळ यांना आपण एक शब्द मानत नाही, तसंच हे. १९०१ साली जर्मन शुद्धलेखनाचे नियम ठरेपर्यंत मातीच्या टोनमध्ये ‘टी’नंतर मुका ‘एच’ लिहीत, सुराच्या टोनमध्ये नाही. अनेकवचनं आजही निराळी: मातीचे प्रकार ‘टोने’, सूर मात्र ‘ट्योने’.

आता टिचकी. चौथ्या शतकातल्या गॉथिक (जर्मनच्या कुळातली एक जुनी भाषा) बायबलमध्ये कुंभाराच्या मातीला ‘थाहो’ म्हटलंय, जुन्या जर्मनमध्ये ‘दाहा’. यात ‘टोन’चा मागमूस तरी आहे का? शेवटचा ‘न’ विभक्तीच्या रूपांतून आला, लांब ‘आ’चा पुढे ‘ओ’ झाला. सुराचा टोन आला लॅटिन ‘टोनुस’मधून, तो ग्रीक ‘टोनोस’मधून. दोन वाटांनी आलेले शब्द शेवटी सारखे ऐकू येऊ लागले, एवढंच.

‘तान’चा मुद्दा मात्र मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण त्यापायी खरी गंमत झाकली जाते. ग्रीक ‘टोनोस’ म्हणजे ताण. संस्कृत ‘तन्’ आणि आपलं ‘ताणणे’ त्याच कुळातलं. म्हणजे तानेचं नातं आहे, पण सुराच्या टोनशी, आणि तेही चुलत. संस्कृतातून उसना गेलेला तो शब्द नव्हे. मातीच्या टोनचं मूळ ‘घट्ट होणे, गोठणे’ या अर्थाचं. त्याच मुळातून संस्कृतात ‘आतञ्चन’ म्हणजे विरजण आलं, आणि ‘तक्र’, म्हणजे आपलं ताक. जर्मन ‘डिश्ट’, म्हणजे दाट, हाही तिथलाच. ओली माती वाळून घट्ट होते, दूध विरजून घट्ट होतं: दोन्हींमागे एकच क्रियापद. जर्मन कुंभाराच्या मातीचं नातं जोडायचंच तर ते तानेशी नाही, आपल्या ताकाशी जोडा!

जाता जाता, त्याच दाव्यात ‘टोन म्हणजेच लेम’ (मातीसाठीचा आणखी एक जर्मन शब्द) असंही असतं. तेही चूक. मृदाशास्त्रात टोनचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक. लेममध्ये वाळू, गाळ आणि टोन मिसळलेले असतात. लेमचा वंश तर तिसराच: चिकटवायच्या सरसाला जर्मनमध्ये ‘लाइम’ म्हणतात, तो त्याचा सख्खा भाऊ.